दोन खड्ड्यांचं शौचालय लवकर भरतं?
‘चार फुटी खड्डा दोन वर्षांत भरेल, मोठी सेप्टिक टाकीच बांधा,’ असं गावोगावी अजूनही सांगितलं जातं. हे खरं नाही. खड्ड्याच्या जाळीदार वीटकामातून पाणी आणि वायू जमिनीत मुरतात, खाली उरतो तो थोडा गाळ. पाच-सहा माणसांच्या घराला एक खड्डा साधारण ५ वर्षं पुरतो. मग शौचालय आणि खड्ड्यांच्या मधल्या चेंबरमधून मैल्याची वाट बदलून दुसरा खड्डा सुरू करायचा. बंद खड्ड्यात वर्षभरात सोनखत तयार होतं. काळपट, भुसभुशीत, हातात घेतलं तरी वास नाही. २०१७ मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत तेव्हाचे केंद्रीय पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरून ते उपसत होते. सेप्टिक टाकीतलं पाणी मात्र उघड्या गटारात सोडलं, तर रोगजंतू थेट गल्लीत येतात. खड्डा विहिरीपासून लांब घ्या, एवढं नक्की पाळा.