पार्श्वभूमी : गेममधला शत्रू कोण ठरवतं?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या भरती अकॅडम्यांमधली मुलं पहाटे १.६ किलोमीटरची धाव, बीम आणि नऊ फुटांचा खड्डा यांचा सराव करतात. त्यातली बरीचशी रात्री मोबाइलवर युद्धाचेच गेम खेळतात. त्यावरून घरात, शाळेत आणि माजी सैनिकांच्या बैठकीत वाद होतो तो वेळ, डोळे आणि व्यसन यांच्यापुरता. गेम खेळणाऱ्याला नकळत कुणाच्या तरी बाजूला नेऊन बसवतो का, हे फारसं कुणी विचारत नाही. जगात हा प्रश्न वीस वर्षांहून जास्त काळ चर्चेत आहे आणि त्यातला सगळ्यात ठोस पुरावा एकाच गेमभोवती, अमेरिकी सैन्याच्या ‘अमेरिकाज आर्मी’भोवती, जमा झालेला आहे. या टिपणात त्या गेमला जास्त जागा दिली आहे ती त्यासाठीच.

भरतीचं आवाहन या भागाला नवं नाही. पहिल्या महायुद्धात इथल्या गावांनी सैनिक पाठवले. अपशिंगे मिलिटरी या गावाच्या नावातच ती परंपरा उतरली आहे. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यातच निघालं. दुसऱ्या बाजूला, प्रतिसरकारच्या काळात याच गावांमध्ये शाहीर आणि कलापथकं लोकांना सरकारविरुद्ध उभी करत होती. पोवाडा ऐकणारा माणूस मनात पटलं तर पुढे काही करतो. गेममध्ये क्रम उलटा असतो. आधी हातून कृती होते, पटायचं असेल तर ते मागाहून.

लष्कर आणि व्हिडिओ गेम यांचा संबंध आधी प्रशिक्षणापुरता होता. १९८० साली आलेल्या ‘बॅटलझोन’ या रणगाड्यांच्या आर्केड गेमची सुधारित आवृत्ती अमेरिकी सैन्यासाठी प्रायोगिक म्हणून बनवण्यात आली. १९९६ साली तिथल्या मरीन दलाने ‘डूम २’मधले राक्षस काढून माणसं घातली आणि चार जणांच्या तुकडीने एकमेकांना आड देत पुढे कसं सरकायचं, याचा सराव त्यावर घेतला. यात प्रचार नव्हता, कारण खेळणारा आधीच गणवेशात होता. १९९९ साली अमेरिकी सैन्याचं भरतीचं लक्ष्य हुकलं आणि तिथून दिशा बदलली.

‘अमेरिकाज आर्मी’ ४ जुलै २००२ रोजी, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, इंटरनेटवर मोफत खुला झाला. तो नौदलाच्या एका पदव्युत्तर संस्थेत तयार झाला. पैसा सैन्याचा आणि आतलं इंजिन, म्हणजे गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, ‘अनरियल’; बाजारातल्या चांगल्या शूटर, म्हणजे गोळीबाराच्या, गेमच्या तोडीचं. २००० ते २००९ या काळात त्यावर सुमारे ३ कोटी २८ लाख डॉलर खर्च झाल्याचं माहिती अधिकारासारख्या तिथल्या कायद्याखाली बाहेर आलं. सैन्याच्या जाहिरातींच्या एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळच होती.

गेम सुरू केल्या केल्या लढाई मिळत नसे. आधी बूट कॅम्प, म्हणजे रंगरुटांचं प्राथमिक प्रशिक्षण, मग रायफलीची चाचणी. ४० लक्ष्यांपैकी ३६ टिपली तर पुढच्या निशाणेबाजीच्या वर्गाचं दार उघडे. वैद्यकीय सहायक व्हायचं तर वर्गात बसून प्रथमोपचाराचं व्याख्यान ऐकायचं आणि परीक्षा द्यायची. ते शिक्षण खरं होतं. २००७ साली रस्त्यावरच्या अपघातात एका खेळाडूने जखमीला त्याच माहितीवर मदत केली आणि सैन्याने ही गोष्ट पुढे आवर्जून सांगितली. स्वतःच्या माणसावर गोळी झाडली की गुण कापले जात आणि फार झालं तर खेळाडू थेट लष्करी तुरुंगाच्या कोठडीत दिसे. शिस्त, पायऱ्या, परीक्षा, बढती हे सगळं खेळाच्या नियमात बसवलेलं होतं. जाहिरात ऐकवण्यापेक्षा हे कितीतरी प्रभावी ठरतं, कारण खेळणारा त्यासाठी स्वतः घाम गाळतो.

आता वादाचा खरा मुद्दा. अशा गेममध्ये दोन संघ लागतात आणि दोन्हीकडे माणसंच खेळतात. मग सैन्याच्या पैशातून केलेल्या गेममध्ये निम्म्या पोरांनी शत्रू होऊन अमेरिकी सैनिकांवर गोळ्या झाडायच्या का? ते शक्यच नव्हतं. सरकारी तिजोरीतून त्यासाठी पैसे मागायला गेलेल्या अधिकाऱ्याला कुणी उभं केलं नसतं. त्यावर तोडगा निघाला तो असा की दोन्ही संघ अमेरिकीच.

समजा एका पुलावर लढाई आहे. एक संघ पूल राखतो, दुसऱ्याला तो ओलांडायचा आहे. राखणाऱ्याच्या पडद्यावर त्याचे साथीदार अमेरिकी गणवेशात, हातात एम-१६ घेतलेले, आणि समोरून येणारे परक्या वेशातले, हातात एके-४७ घेतलेले. पूल ओलांडणाऱ्याच्या पडद्यावर नेमकं उलट चित्र. मोहिमेची माहितीही दोन वेगळ्या मजकुरांत, आणि दोन्ही मजकूर वाचणाऱ्याला सांगतात की कायदेशीर बाजू तुमचीच आहे. हे तंत्रातही अवघड नाही. सर्व्हरला फक्त कोण कुठे उभा आहे, वाकला आहे की झोपला आहे आणि कोणतं शस्त्र त्याच्या हातात आहे एवढंच पाठवावं लागतं. त्यावर कपडे कुठले चढवायचे हे खेळणाऱ्याचा संगणक ठरवतो.

अडचण शस्त्रांमध्ये येते. प्रत्येक अमेरिकी शस्त्राला परक्या दिसण्याची एक जोडी लागते आणि त्या जोडीचा पल्ला, झटका, गोळ्यांची संख्या हे सगळं आतून सारखं ठेवावं लागतं. नाहीतर एकाला दिसणारी रायफल आणि दुसऱ्याला लागणारी गोळी यांचा मेळ बसत नाही. आवाजालाही तेच लागू, कारण सराईत खेळाडू आवाजावरूनच शत्रू ओळखतो. एवढी उस्तवार करून मिळवलं ते एकच : लाखो खेळाडूंपैकी एकानेही, एका क्षणासाठीही, स्वतःला समोरच्याच्या कपड्यांत पाहिलं नाही.

बनवणाऱ्यांचा बचाव सरळ होता. शत्रूला देश नाही, धर्म नाही, भाषा नाही. कुठल्याच समाजाला आम्ही खलनायक केलेलं नाही. समोरचा माणूस आपल्याइतकाच तयारीचा असतो, म्हणजे शत्रूला कमीही लेखलेलं नाही. या बचावात तथ्य आहे आणि त्या काळातल्या अनेक बाजारू गेमपेक्षा हा गेम जास्त संयमी होता हेही खरं.

तरीही टीकाकारांचं म्हणणं जास्त वजनदार वाटतं. सांगलीसारख्या बुद्धिबळाच्या गावात हे लगेच समजेल. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळलेला माणूस पुढच्या डावात काळ्या मोहऱ्या घेतो आणि पटाकडे तिकडून बघतो. ‘काउंटर-स्ट्राइक’ या त्याच काळातल्या गेममध्येही दोन्ही बाजूंनी खेळावं लागतं, म्हणून तो हिंसक असला तरी कुणा एकाचा प्रचार होत नाही. ‘अमेरिकाज आर्मी’ने पट फिरवण्याची सोयच काढून टाकली, आणि काढून टाकली आहे हे खेळणाऱ्याला जाणवूही दिलं नाही. संवादात, चित्रात, घोषणेत कुठेही खोटं नव्हतं. पक्षपात होता तो कोण होता येतं आणि कोण होता येत नाही, या नियमात. गेम प्रचाराचं साधन होऊ शकतो का, या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर सगळ्यात आधी इथे बघावं. रक्त किती दाखवलं हा मुद्दा त्यामानाने दुय्यम. किंबहुना या गेममध्ये रक्त जवळपास नव्हतंच, आणि म्हणूनच त्याला १३ वर्षांपुढच्या मुलांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं.

त्या वयावरूनच पुढे पेटलं. अमेरिकेत १७व्या वर्षी भरती होता येतं, पण गेम त्याच्या चार वर्षं आधीपासून हातात. २००८ साली नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या एका जुन्या संस्थेने, मुलांच्या सैन्यातल्या सहभागाबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेत, या गेमवर बोट ठेवलं. त्याआधी २००६ पासून एक कलावंत गेममध्ये शिरून शस्त्र खाली टाकायचा आणि इराकमध्ये मेलेल्या अमेरिकी सैनिकांची नावं चॅटमध्ये टाइप करत राहायचा. कुणी मारलं की पुढच्या फेरीत पुन्हा तेच. २००८ मध्येच फिलाडेल्फियातल्या एका मॉलमध्ये सुमारे १४,५०० चौरस फुटांचं भरतीचं गेमिंग केंद्र उघडलं आणि निदर्शनांच्या गदारोळात २०१० साली बंदही झालं. गेमचे सर्व्हर ५ मे २०२२ रोजी थांबले. तोवर सैन्याने स्वतःचा गेम बनवण्यापेक्षा दुसऱ्यांचे लोकप्रिय गेम थेट प्रक्षेपित करणारा संघ उभा केला होता. बक्षिसाच्या नावाखाली भरतीच्या अर्जाकडे नेल्याच्या तक्रारी २०२० मध्ये आल्या. अशा प्रक्षेपणावर सरकारी पैसा खर्चू नये ही दुरुस्ती मात्र प्रतिनिधिगृहात १२६ विरुद्ध २९२ मतांनी पडली.

बाकी जगही याच वाटेवर होतं. ‘अमेरिकाज आर्मी’च्याही आधी, २००१ साली, दमास्कसहून पॅलेस्टिनी बाजूचा ‘अंडर ॲश’ आला, २००३ साली लेबनॉनमधल्या सशस्त्र संघटनेचा ‘स्पेशल फोर्स’, २०११ साली चिनी सैन्याचा ‘ग्लोरियस मिशन’. यांत लपवाछपवी नाही, बाजू पहिल्या पडद्यावरच जाहीर होते. बाजारू गेमची गोष्ट जास्त निसरडी आहे. २०१९च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर’मध्ये ‘हायवे ऑफ डेथ’ नावाचा रस्ता येतो. त्याच नावाने ओळखला जाणारा खरा रस्ता कुवेतहून इराककडे जातो आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यावर माघार घेणाऱ्या ताफ्यांवर बाँब टाकले ते अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने. गेममध्ये देश काल्पनिक आहे आणि हल्ला करणारे रशियन आहेत. हे कुणा लष्कराने लिहून घेतलं असं म्हणायला आधार नाही. परिणाम मात्र तोच : ज्या मुलाने १९९१ची बातमी कधी वाचली नाही, त्याच्या डोक्यात ते नाव उलट्या अर्थाने बसतं.

आपल्याकडे हवाई दलाने २०१४ साली ‘गार्डियन्स ऑफ द स्काइज’ आणि ३१ जुलै २०१९ रोजी ‘इंडियन एअर फोर्स : अ कट अबव्ह’ हे मोबाइल गेम काढले. दोन्हींचा हेतू उघड होता, हवाई दलाची ओळख आणि भरतीची ओढ. जास्त चर्चा झाली ती ‘फौजी’ची. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीसह ११८ चिनी ॲपवर बंदी आली, दोनच दिवसांत एका खासगी कंपनीने हा गेम जाहीर केला, आणि २६ जानेवारी २०२१ रोजी तो खुला झाला. उत्पन्नाचा २० टक्के वाटा शहीद जवानांच्या कुटुंबांसाठीच्या ‘भारत के वीर’ निधीला देण्याचं त्यांनी सांगितलं होतं. कथा गलवान खोऱ्यातली. पहिल्या आवृत्तीत बंदूक नव्हतीच, हात आणि हाती लागेल ते शस्त्र. मोबाइलवर शूटर खेळायला बसलेली पोरं त्यामुळे नाराज झाली. पण प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही हे १९९६च्या भारत-चीन करारात आहे आणि जून २०२०ची चकमक बंदुकीविनाच झाली होती. बाजू उघड घेणाऱ्या गेमनेही घडलेल्या घटनेशी इमान राखावं, याचं हे चांगलं उदाहरण आहे. पुढे लोकांच्या मागणीवरून संघांच्या लढतीत बंदुका आल्या आणि गेम इतरांसारखा झाला.

पबजी किंवा त्याचा भारतीय अवतार या हिशेबात प्रचारात बसत नाही. १०० जण बेटावर उतरतात, झेंडा कुणाचा नसतो, समोर कोण येईल हे ठरलेलं नसतं. त्याच्याविषयीच्या तक्रारी वेगळ्या आहेत.

गेल्या काही वर्षांत धोका दुसरीकडून वाढला आहे. गेम खेळला न जाताच प्रचारात वापरला जातो. नोव्हेंबर २०१७ मध्ये रशियाच्या संरक्षण खात्याने ‘निर्विवाद पुरावा’ म्हणून दिलेल्या चित्रांपैकी एक मोबाइल गेमच्या जाहिरातीतलं निघालं आणि चूक एका मुलकी कर्मचाऱ्यावर ढकलली गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्याच काही वृत्तवाहिन्यांनी अफगाणिस्तानातल्या पंजशीरवरचा हवाई हल्ला म्हणून ‘आर्मा ३’ची क्लिप दाखवली. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, गेमच्या क्लिपा भारत आणि पाकिस्तान दोन्ही देशांत खऱ्या म्हणून फिरल्या आणि केंद्राच्या तथ्य तपासणी विभागाला त्यावर खुलासे करावे लागले. गावाच्या, तालमीच्या, माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या पोचायला रात्रही लागली नाही.

‘आर्मा ३’ हा चेक कंपनीचा २०१३चा गेम. कुणीही त्यात नवी वाहनं, गणवेश, भूभाग घालू शकतो, म्हणून कुठल्याही युद्धाचा खोटा व्हिडिओ त्यात बनतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीनेच ओळखायच्या खुणा दिल्या : क्लिप मुद्दाम धूसर आणि हलती असते, बहुतेक वेळा रात्रीची, आवाज नसतो, आणि हलणारी माणसं टाळलेली असतात कारण गेममध्ये माणसाची चाल पटकन कृत्रिम दिसते. त्यात एक साधी तपासणी जोडता येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा तीन किलोमीटरवरच्या स्फोटाचा आवाज लखलखाटानंतर जवळपास नऊ सेकंदांनी यायला हवा. दोन्ही एकदम आले तर क्लिप संशयास्पद. क्लिपमधली तीन-चार चित्रं काढून त्यांचा इंटरनेटवर उलट शोध घ्यावा, म्हणजे ती आधी कुठे आली आहेत ते बघावं, आणि काही मिळालं नाही तर चित्र आरशासारखं पलटून पुन्हा शोधावं, कारण फिरवणारे अनेकदा तेवढंच करतात.

कायद्याच्या बाजूने मात्र जागा बरीच मोकळी आहे. चित्रपटाला लागतं तसं प्रमाणपत्र गेमला लागत नाही. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैशांच्या खेळांभोवती फिरतो, गेममधल्या संदेशाला हात घालत नाही. निवडणुकीपुरता एक धागा सापडतो. २५ ऑक्टोबर २०१३ रोजी निवडणूक आयोगाने समाजमाध्यमांविषयी सूचना दिल्या तेव्हा त्यांच्या पाच प्रकारांत आभासी खेळांची दुनियाही धरली. म्हणजे तिथली राजकीय जाहिरात पूर्वप्रमाणनाच्या, म्हणजे दाखवण्याआधी समितीची मंजुरी घेण्याच्या, कक्षेत येते. उमेदवाराने किंवा मान्यताप्राप्त पक्षाने तीन दिवस आणि इतरांनी सात दिवस आधी अर्ज करायचा, सोबत जाहिरातीच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता द्यायची, असा तो नियम आहे. दोन गेमच्या मधे दिसणाऱ्या वीस सेकंदांच्या जाहिरातीला तो नीट लागू होतो. पण गेमच प्रचाराचा असेल तर खेळणारा डावीकडे वळला की एक गोष्ट घडते, उजवीकडे वळला की दुसरी. अशा गेमची संहिता म्हणून समितीपुढे नेमकं काय ठेवायचं, हे त्या नियमात कुठेच लिहिलेलं नाही.