प्लास्टिकच्या भागांवरचा जुना रंग आणि ब्लास्टिंग : पार्श्वभूमी

हवेच्या किंवा वाफेच्या झोतातून वाळू मारून पृष्ठभाग खरवडण्याच्या पद्धतीचे, म्हणजे ब्लास्टिंगचे, पेटंट अमेरिकेत 1870 मध्ये घेतले गेले. काच, दगड, ओतीव लोखंड ही तिची कामे. वाळूच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो हे कळल्यानंतरही ती बराच काळ चालू राहिली. ओतीव वस्तूंच्या ब्लास्टिंगमधून ब्रिटनने वाळू हद्दपार केली ती 1949 मध्ये. या काळाने पुढच्यांना एक गृहीतक दिले : खालचा पदार्थ टणक, वरचा थर मऊ. बंपर आणि फेअरिंगच्या (दुचाकीच्या बाहेरच्या आवरणाच्या) बाबतीत हेच गृहीतक उलटे होते, आणि पुढचे बहुतेक वाद त्यातूनच निघाले.

गाड्यांवर प्लास्टिक आले ते टप्प्याटप्प्याने. 1953 मध्ये फायबरग्लास बॉडीची अमेरिकी स्पोर्ट्स कार आली. 1973 पासून अमेरिकेत बंपरने ताशी 5 मैलांची धडक सोसली पाहिजे असा नियम लागू झाला आणि लवचिक पॉलियुरेथेनच्या आवरणांना वाट मिळाली. नंतर पॉलिप्रॉपिलीन-रबर मिश्रणाचे बंपर आणि दुचाकींसाठी एबीएस या कडक प्लास्टिकचे फेअरिंग रुळले. हे भाग बॉडीच्याच रंगात रंगवण्याची पद्धत पडली, आणि जुना रंग काढायचा कसा हा प्रश्न उभा राहिला. टू-पॅक रंग (हार्डनर मिसळून मारायचा रंग) एकदा पक्का झाला की तापवून वितळत नाही, थिनरमध्ये विरघळत नाही. खालचे एबीएस मात्र उष्णतेने मऊ पडते आणि थिनरने चिकट होते. पत्र्यावर चालणारे पेंट रिमूव्हर इथे रंगाआधी भागच खराब करते.

उत्तर आले ते विमानांकडून. लष्करी विमानांचा रंग तोवर मिथिलीन क्लोराइड आणि फिनॉलच्या मिश्रणाने काढत. माणसांच्या आरोग्याला ते घातक होतेच, शिवाय प्रचंड दूषित पाणी मागे उरे. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या दुरुस्ती-तळांवर प्लास्टिकचे टोकदार दाणे वापरून संपूर्ण लढाऊ विमाने सोलली जाऊ लागली. पॉलिएस्टर, युरिया, मेलामाइन आणि नंतर अॅक्रिलिक असे हे दाणे कठीणपणाच्या मोह्स मापनावर साधारण 3 ते 4 च्या दरम्यान येतात. दाबही वाळूच्या कामापेक्षा कितीतरी कमी, बहुधा 20 ते 40 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). तेच दाणे गोळा करून, चाळून पुन्हा वापरता येत. अॅल्युमिनियमवर हे छान जमले.

अडचण झाली ती विमानांच्या कंपोझिट (रेझिनमध्ये तंतू बसवून केलेल्या) भागांवर. तंतूंवर रेझिनची अगदी पातळ साय असते; ती उडाली की तंतू उघडे पडतात. तेव्हा निर्णय करावा लागला : रंग पूर्ण काढायचा, की वरचा थर काढून प्रायमरवर, म्हणजे रंगाखालच्या पकड देणाऱ्या थरावर, थांबायचे? हा वाद विमानांपुरता राहिला नाही. गाड्यांच्या कामात तो अजूनही चालू आहे, आणि माझ्या मते इथे तो जास्त महत्त्वाचा आहे.

पूर्ण काढावे म्हणणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. जुन्या प्रायमरची पकड कुठे सुटली आहे ते वरून दिसत नाही आणि सुटलेल्या थरावर चढवलेला नवा रंग पापुद्र्याने निघतो. पण या आग्रहात पत्र्याची सवय फार आहे. पत्रा उघडा केला की प्रायमरला पकड मिळते. पॉलिप्रॉपिलीन उघडे केले की पकड संपते, कारण या प्लास्टिकला रंग मुळात धरत नाही. कारखान्यात ज्वाला फिरवून किंवा क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिनचा थर देऊन ती पकड तयार केलेली असते. ब्लास्टिंगने ती घालवायची आणि मग फवाऱ्याच्या डब्यातून परत आणायची, हा तोट्याचा व्यवहार आहे. त्यात मऊ प्लास्टिक कणांनी कापले जात नाही, त्याच्यावर लव उठते, आणि ती लव नव्या रंगातून दिसत राहते.

कोनाचा विचारही इथे वेगळा करावा लागतो. ठिसूळ थर समोरून आदळणाऱ्या कणांनी जास्त तुटतो, तर लवचिक पदार्थ तिरप्या माऱ्यात जास्त झिजतो. जुना कडक रंग ठिसूळ, बंपर लवचिक. म्हणजे नोझल फार आडवे धरले तर रंगापेक्षा बंपरच जास्त जातो. दाणे नुसत्या मोह्स अंकावर निवडणाऱ्यांच्या हिशेबात हे कुठेच येत नाही.

नंतरच्या पर्यायांत गव्हाच्या स्टार्चचे दाणे सर्वांत सौम्य, पण दमट हवेत त्यांच्या गाठी होतात. खाण्याचा सोडा 1980 च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात आतून तांब्यावरचे डांबर काढायला वापरला गेला आणि तिथून त्याचे नाव झाले. तो मऊ आहे, मात्र मागे अल्कधर्मी पूड सोडतो. ती नीट धुतली नाही तर नवा रंग धरत नाही. कोरड्या ब्लास्टिंगने प्लास्टिकवर स्थिर वीज साचते आणि धूळ चिकटून बसते, हा त्रास दाणे कोणतेही घेतले तरी आहेच. दरम्यान रंग काढायला मिथिलीन क्लोराइडच्या घरगुती वापरावर युरोपात आणि 2019 पासून अमेरिकेत बंदी आली, त्यामुळे ब्लास्टिंगकडे वळणारे वाढले.

1990 च्या दशकापासून बहुतेक भागांच्या मागे पदार्थाची खूण उमटवलेली असते : पीपी (पॉलिप्रॉपिलीन), ईपीडीएम (मिश्रणातले रबर), एबीएस, पीसी (पॉलिकार्बोनेट). प्रायमर राखायचाच की उघड्या प्लास्टिकपर्यंत गेले तरी चालेल, हे तिच्यावरून ठरवता येते. एबीएसवर उघडा पृष्ठभाग परवडतो, पॉलिप्रॉपिलीनवर नाही. त्याआधीच्या भागांवर अशी खूण सहसा नसते. तिथे आतल्या बाजूच्या कोपऱ्यावर, सर्वांत कमी दाबाने, आधी हात मारून पाहावा लागतो.