कस, किंमत आणि ‘इव्हॅल्युएटिव्ह’

आईच्या जुन्या पाटल्या घेऊन ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या सराफाकडे गेलो होतो. बीएड करणारी भाची सोबत. बाकावर बसल्या बसल्या तिने वहीतून डोकं वर काढलं, “मामा, इव्हॅल्युएटिव्ह म्हणजे नेमकं काय?”

“मूल्यमापनात्मक.”

“ते वहीत आहेच हो!”

तेवढ्यात सराफांनी कसोटीचा काळा दगड पुढे ओढून त्यावर पाटलीची कड घासली. शेजारी खात्रीच्या सोन्याची दुसरी रेघ ओढली आणि दोन्हींवर ॲसिड लावलं. तांबं आणि चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळतात, सोनं टिकतं. म्हणून ज्या रेघेत भेसळ जास्त, ती आधी फिकी पडते. दगड काळा, म्हणजे पिवळ्यातला बारीक फरकही डोळ्यांना कळतो. आणि ॲसिड त्या दगडाचं काही बिघडवत नाही.

मला उदाहरण सापडलं. “पाटली 22 कॅरटची आहे” हे वर्णन झालं: 24 भागांत 22 भाग सोनं, म्हणजे सुमारे 91.6 टक्के. “पाटली सुरेख आहे” हे मात्र इव्हॅल्युएटिव्ह विधान. त्यात वस्तूबरोबर बोलणाऱ्याची पसंतीही येते.

या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या ‘वालेरे’ या क्रियापदात आहे. त्याचा पहिला अर्थ बळकट असणं, धडधाकट असणं. रोमन माणूस निरोप घेताना ‘वाले’ म्हणायचा, म्हणजे ‘प्रकृती सांभाळ’. ज्यात बळ त्याला मोल, असा अर्थ सरकत गेला आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘व्हॅल्यू’ आलं. शाळेत शिकलेली संयुजा, म्हणजे ‘व्हॅलन्सी’, हीसुद्धा त्याच कुळातली: अणूची जोडलं जाण्याची ताकद. कार्बनची 4, सोन्याची 1 किंवा 3.

आपल्याकडचे शब्द वेगवेगळ्या वाटांनी आलेत. ‘मूल्य’ मुळाशी जोडलेलं. ‘किंमत’ अरबीतून आलेली, तिचा धातू उभं राहण्याचा. पण मला सगळ्यांत आवडतो तो ‘कस’. संस्कृत ‘कष्’ म्हणजे घासणं. त्यावरून कसोटी आणि तिच्यावर उतरणारा कस. मग जमिनीचा कस, चाऱ्यातला कस, कसदार लेखन. लॅटिनमध्ये बळावरून मोल आलं, मराठीत पारखण्यावरून बळ.

सराफांनी दगड पुसला. “कस उत्तम आहे,” ते म्हणाले, “मोडायच्या की ठेवायच्या, ते तुम्ही ठरवा.”

भाचीने वहीत दोन्ही वाक्यं उतरवून घेतली.