हृदयातील सोडियम चॅनेलचे जनुकीय दोष

हृदयाच्या स्नायुपेशीत प्रत्येक ठोक्याची विद्युत लाट सोडियम आत शिरल्याने उठते. पेशीच्या आवरणातील सोडियम चॅनेल क्षणभर उघडतात आणि काही मिलिसेकंदांतच मिटतात. ते घडवणारे मुख्य जनुक एससीएन५ए हे तिसऱ्या गुणसूत्रावर असते. त्यातील उत्परिवर्तनाने चॅनेल दोन तऱ्हांनी बिघडतो.

तो पुरता मिटला नाही, तर सोडियम झिरपत राहते, पेशी पूर्वस्थितीला उशिरा येते आणि ईसीजीवर क्यूटी अंतर (लाट उठल्यापासून पेशी पूर्वस्थितीला येईपर्यंतचा काळ) लांबते. हा दीर्घ क्यूटीचा तिसरा प्रकार. जनुकाशी त्याचा संबंध १९९५ मध्ये कळला. यात ठोके बिघडण्याचा झटका बहुधा झोपेत किंवा विश्रांतीत येतो. उलट, प्रवाहच कमी पडला तर लाट रेंगाळते, हार्ट ब्लॉक होतो (म्हणजे लाटेची वाट अडते, रक्तवाहिनी नव्हे) किंवा ब्रुगाडा विकार, म्हणजे ठोके अचानक बिघडून जीव जाऊ शकणारा आनुवंशिक आजार, दिसतो. ब्रुगाडा बंधूंनी १९९२ मध्ये त्याचे वर्णन केले, जनुकाचा धागा १९९८ मध्ये सापडला. ई१७८४के या एकाच उत्परिवर्तनाने एका घरात दोन्ही विकार आढळतात, म्हणून ही विभागणी फार काटेकोर मानू नये.

विदर्भाच्या खेड्यांत ब्रुगाडाचा विचार तापासोबत करावा लागतो. तापात सदोष चॅनेल आणखी दुबळा पडतो आणि गडचिरोलीसारख्या भागात मलेरियाचा ताप नवा नाही. ताप चढलेला असतानाच ईसीजी काढावा, छातीवर लावायची व्ही१ व व्ही२ ही टोके नेहमीपेक्षा एक-दोन फासळ्या वर लावूनही पाहावे. ताप उतरल्यावर काढलेला ईसीजी निर्दोष दिसू शकतो. ताप उतरवण्यासाठी पॅरासिटामॉल लगेच द्यावे.

खरी गफलत निदानात होते. माणूस कोसळला, हातपाय झाडले, की घरचे म्हणतात ‘मिरगी आली’, आणि ईसीजी न काढताच फिटच्या गोळ्या सुरू होतात. त्यांतली फेनिटॉइन स्वतःच सोडियम चॅनेल अडवते!

जनुक तपासणी निर्दोष आली तरी ब्रुगाडा नाही असे ठरत नाही. एससीएन५एमधला दोष अशा साधारण पाचांतल्या एकाच रुग्णात सापडतो. जास्त धोका असलेल्यांना छातीत बसवायचे डिफिब्रिलेटर यंत्र (विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणणारे) लागते. दोष सापडलाच, तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता सहसा निम्मी असते. ‘झोपेतच गेला’ असा कोणी नात्यात होता का, हे विचारावे आणि सख्ख्या भावंडांचे ईसीजी काढावेत. सासरी गेलेल्या बहिणी या तपासणीतून हटकून राहून जातात.