मोड न येणारे दागिने

दागिना बघितला की आपल्याकडे आधी वजन विचारतात, मग घडणावळ. उद्या मोडला तर किती येतील, हा हिशेब मनातल्या मनात चालूच असतो. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरच्या हाराला हे प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. पितळेची तार, तीही हातोडीने ठोकलेली. जे काही आहे ते घडणावळीतच.

काल्डर (१८९८–१९७६) जगाला माहीत आहे तो छताला टांगलेल्या, झुळुकीसरशी हलणाऱ्या ‘मोबाइल’ शिल्पांमुळे. दागिन्यांचा नाद मात्र त्याहून जुना. लहानपणी रस्त्यात पडलेले तांब्याच्या तारेचे तुकडे वेचून त्याने बहिणीच्या बाहुल्यांना दागिने केले होते. पुढे आयुष्यभरात सुमारे १,८०० दागिने घडवले. डाख देणं तो शक्यतो टाळायचा. तार वाकवायची, गुंडाळायची, ठोकून चपटी करायची, फार तर रिवेट मारायचा. त्यामुळे जोड लपत नाहीत आणि हातोडीचे घावही दिसतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधला १९४० च्या सुमाराचा त्याचा पितळी हार खांद्यांवर असा पसरतो की घालणारीला मिठी मारायची सोयच उरत नाही. नाव ‘द जेलस हजबंड’, म्हणजे मत्सरी नवरा. उगाच नाही ठेवलेलं.

२० ऑक्टोबर १९४२ ला कलासंग्राहक पेगी गुगेनहाइमने न्यूयॉर्कमध्ये आपली गॅलरी उघडली, तेव्हा तिच्या एका कानात काल्डरचं कानातलं होतं आणि दुसऱ्या कानात इव्ह तांगीचं, म्हणजे स्वप्नातली दुनिया रंगवणाऱ्या सररिअलिस्ट पंथातल्या चित्रकाराचं. काल्डरसारखे अमूर्तवाले आणि तांगीसारखे सररिअलिस्ट, दोन्ही घरचं आमंत्रण एकाच वेळी स्वीकारल्यासारखं!

चित्रकार जॉर्जिया ओकीफला काल्डरने तिच्या आद्याक्षरांचा पितळी ब्रूच करून दिला होता. केस पिकल्यावर तिला पितळ शोभेना, म्हणून तिने त्याची चांदीची प्रत करवून घेतली, आणि तीही भारतात. काल्डरची वळणं आपल्याकडच्या कारागिराच्या हातून पुन्हा उतरली, हे मला फार आवडतं.

१९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हस्तनिर्मित आधुनिक दागिन्यांचं प्रदर्शन भरवलं. त्यात काल्डर होता, शिल्पकार हॅरी बर्तोया होता. पण खरी गंमत विणकर-कलाकार ॲनी अल्बर्स आणि तिचा विद्यार्थी अलेक्झांडर रीड यांच्या हारांची. मेक्सिकोतल्या माँते अल्बान या प्राचीन नगराच्या थडग्यांमधला खजिना पाहून ते भारावले होते, आणि परतल्यावर दागिने केले ते हार्डवेअरच्या दुकानातल्या मालातून. त्यांचा एक हार म्हणजे मोरीच्या जाळीला अडकवलेल्या पेपरक्लिपा.

युरोपात ही वाट आणखी टोकाला गेली. १९६७ मध्ये नेदरलँड्सच्या खाइस बाकर या डिझायनरने स्टोव्हच्या धुराड्याच्या पाइपमधून गळ्यातलं केलं. मग १९७३ मध्ये त्याने सोन्याची तार अंगावर घट्ट आवळली आणि काढून घेतली. कातडीवर उमटलेला वळ हाच दागिना, असं त्याचं म्हणणं. थोड्या वेळाने तोही पुसला जायचा.