अर्ज रखडला की फेटाळला? ईएसआयचा बेकारी भत्ता आणि दोन वेगळे उपाय

सोमवारी सकाळी नाशिकमधल्या माझ्या दुकानाच्या बाकावर दोघं बसले होते. एक अंबडच्या प्रेस शॉपमधला ऑपरेटर, दुसरा सातपूरला एका व्हेंडरकडे पॅकिंगला असलेला. दोघांचं म्हणणं एकच: "भाऊ, ईएसआयचे पैसे अडकलेत." म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा बेकारी भत्ता. मोबाइलवर पाहिलं तर ऑपरेटरचा अर्ज खरंच अडकला होता. पॅकरचा मात्र फेटाळला होता, तोही दीड महिन्यापूर्वी. तेवढे दिवस हा बिचारा "येतील, येतील" करत बसला होता.

आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द, "अडकले". पण रखडलेला अर्ज म्हणजे कुणी निर्णयच घेतलेला नाही. फेटाळलेला अर्ज म्हणजे निर्णय झालाय, तुमच्या विरोधात. पहिल्यात अपील करायचं तर कशाविरुद्ध? आणि दुसऱ्यात नुसत्या तक्रारी करत राहिलात तर "नियमानुसार नामंजूर" एवढं उत्तर येतं आणि तक्रार बंद होते.

आधी थोडक्यात या भत्त्याची योजना. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, 1 जुलै 2018 पासून. मुदतीची आहे, मुदतवाढ मिळत आली आहे. नोकरी गेली तर सरासरी रोजाच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदाच. सुरुवातीला 25 टक्केच होते आणि 90 दिवस थांबावं लागायचं. 2020 मध्ये ते 30 दिवसांवर आलं आणि कंपनीमार्फत अर्ज करायची अटही गेली.

आता ऑपरेटरचं. त्याने ऑनलाइन फॉर्म भरला होता, पण आधार आणि पासबुकची स्कॅन कॉपी जोडलीच नव्हती. कागद अपलोड केले तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात काही नेऊन द्यावं लागत नाही. नाही केले, तर फॉर्मची प्रिंट काढून, सही करून, कागदांसकट द्यावी लागते. याने दोन्ही केलं नव्हतं. फॉर्म तिकडे कॉम्प्युटरमध्ये, हा इकडे पाथर्डी फाट्यावर, आणि मध्ये कुणीच नाही. (शपथपत्र लागतं म्हणून अजूनही लोक स्टॅम्प पेपर घेऊन येतात. ती अट नोव्हेंबर 2020 मध्येच गेली. ते पैसे वाचवा.)

पासबुकही बघितलं. देना बँकेचं, जुनं. देना बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली, पण ईएसआयच्या नोंदीत जुनाच आयएफएससी कोड पडून होता. बायकांच्या अर्जात नावाचा घोळ ठरलेला: ईएसआयला माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आणि काही जण नोकरी गेल्याच्या आठवड्यात पुढच्या तारखांचा दावा टाकून मोकळे होतात. पुढच्या तारखेचा दावा चालत नाही.

अशा अर्जाला भांडण नको, धक्का हवा. शाखा कार्यालयात लेखी पत्र द्या, पोच घ्या. पोच म्हणजे तुमच्या झेरॉक्सवर आवक शिक्का आणि तारीख. "साहेबांना सांगितलंय" ही पोच नव्हे. ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाचा तक्रार मेळावा असतो, त्याला सुविधा समागम म्हणतात, तिथे जा. तरी हललं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर टाका. माझा सगळ्यात आवडता उपाय दहा रुपयांचा आहे: माहितीचा अधिकार. "पैसे का दिले नाहीत" असं विचारू नका. "माझा अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या टेबलावर आहे" असं विचारा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, पण बऱ्याचदा त्याआधीच अर्ज टेबल बदलतो.

आणि कृपा करून सातपूरच्या ईएसआय दवाखान्यात पैशांची चौकशी करायला जाऊ नका. दवाखाना राज्य सरकारकडून चालतो, रोख लाभ देणारं महामंडळ केंद्राचं. तिथल्या खिडकीवरचा माणूस तुमच्यावर वैतागतो, त्यात त्याचीही चूक नाही.

पॅकरची गोष्ट वेगळी, आणि इथे मला जरा खाली बघावं लागतं. त्याच्या नोंदीत नोकरी संपण्याचं कारण होतं: काम सोडले. खरं तर ऑर्डर कमी झाली म्हणून ठेकेदाराने दहा-बारा जणांना एका दिवसात बसवलं होतं. दर महिन्याचं योगदान, म्हणजे ईएसआयचा हप्ता, भरताना ज्याच्या कामाचे दिवस शून्य, त्याच्यापुढे कारणाचा आकडा टाकावा लागतो. 2 म्हणजे नोकरी सोडली, 10 म्हणजे कामगार कपात. अकाउंटंट डोळे मिटून 2 टाकतो. कंपन्यांचं योगदान मीही भरतो, आणि मीही वर्षानुवर्षं टाकलाय. पण स्वेच्छेने सोडलेल्याला, निवृत्ताला किंवा गैरवर्तनासाठी काढलेल्याला हा भत्ता नाही. एका आकड्याने त्याचे पैसे गेले.

फेटाळण्याचं दुसरं मोठं कारण दिवसांचं. नोकरी जाण्यापूर्वी दोन वर्षं विमापात्र, म्हणजे ईएसआय लागू असलेली, नोकरी हवी. त्यातल्या शेवटच्या सहामाहीत किमान 78 दिवसांचं योगदान, आणि आधीच्या तीनपैकी एका सहामाहीत पुन्हा 78 दिवस. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. ठेकेदार दर सहा-सात महिन्यांनी "ब्रेक" देतो ना, तो इथे बाधतो. हजेरी भरलेली, पण योगदान भरलेलं नाही, असंही निघतं. म्हणून स्वतःच्या लॉगिनमधून नोंद बघून घ्या.

फेटाळलेल्या अर्जाला आधी लेखी कारण मागा. कारण हातात आल्याशिवाय पुढचा कागद लिहू नका. मग त्या एका कारणाला पुरावा जोडा: काढल्याचं पत्र, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला "उद्यापासून येऊ नका", पगार स्लिप, बरोबर काढलेल्यांचे जबाब. कंपनीने नोंद दुरुस्त करून दिली तर उत्तमच. शाखेने ऐकलं नाही तर वरच्या कार्यालयाकडे, आणि शेवटी कर्मचारी विमा न्यायालय. तिथे जायला हरकत नाही, पण रक्कम बघून ठरवा. मात्र हे सगळं नोकरी गेल्यापासून एका वर्षाच्या आत मार्गी लागायला हवं, कारण दाव्याची मुदत तेवढीच. पॅकरने घालवलेला दीड महिना त्यातलाच.

कंपनीच कायमची बंद पडली किंवा रीतसर कपात झाली असेल, तर आधी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची चौकशी करा. तिथे 24 महिन्यांपर्यंत मिळतं, पहिल्या वर्षी 50 आणि दुसऱ्या वर्षी 25 टक्के. दोन्ही एकदम घेता येत नाहीत.

पैसे आले पण "अर्धेच आले" म्हणणारेही असतात. बहुतेकदा हिशेब बरोबर असतो. चार सहामाह्यांची कमाई 730 ने भागतात, कामाच्या दिवसांनी नाही. महिना 15,000 प्रमाणे दोन वर्षांचे 3,60,000. भागिले 730, म्हणजे रोज 493. निम्मे साधारण 246. 90 दिवसांचे 22 हजारांच्या आसपास. मध्ये ब्रेक असेल तर वरची रक्कम घटते, 730 तेवढेच राहतात.

पॅकरच्या ठेकेदाराला मी स्वतः फोन लावला. तो म्हणाला, "दहा कशाला टाकायचं, मग भरपाई मागतील." त्याचंही खरंच होतं. कपात म्हटली की कायद्याने वर्षाला पंधरा दिवसांचा पगार आला. आता महिन्याचं योगदान भरताना कुणाचे दिवस शून्य दिसले की मी आधी त्या कामगारालाच फोन करतो: "सोडलीस की काढलं?"