सर्वसाधारण सभा (नाशिक जिल्ह्यातील नगरपरिषदा)

नगरपरिषदेच्या किंवा नगरपंचायतीच्या सदस्यांची, नगराध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली भरणारी आणि ठरावांच्या रूपाने निर्णय घेणारी बैठक म्हणजे सर्वसाधारण सभा. नाशिक जिल्ह्यात सिन्नर, येवला, मनमाड, नांदगाव, सटाणा, इगतपुरी, त्र्यंबक, भगूर, चांदवड अशा गावांत नगरपरिषदा आहेत, तर निफाड, दिंडोरी, कळवण, देवळा, पेठ व सुरगाणा या तालुक्यांच्या ठिकाणी नगरपंचायती आहेत. नाशिक व मालेगाव ही महापालिकेची शहरे. तेथील महासभेचा कायदा वेगळा आणि थाटही वेगळा, म्हणून ती या नोंदीत घेतलेली नाही. लहान गावातील सभेची विषयपत्रिका बव्हंशी ऋतुमानाप्रमाणे फिरते. एखाद्या नगरपरिषदेच्या वर्षभराच्या विषयपत्रिका ओळीने लावल्या, तर त्या गावाचा पाऊस, जत्रा, वसुली आणि टंचाई यांचा बऱ्यापैकी अंदाज त्यांवरून बांधता येतो.

कायदा व पूर्वपीठिका. मुंबई इलाख्यातील नगरपालिका १८५० च्या सव्विसाव्या अधिनियमाखाली स्थापन होऊ लागल्या. नाशिक येथे नगरपालिका १८६४ मध्ये आली. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर त्यांत लोकनियुक्त सदस्यांचे प्रमाण वाढत गेले. आजच्या सभा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याखाली भरतात. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि या संस्थांना घटनेचा आधार मिळाला. नगराध्यक्ष थेट जनतेने निवडावा की नगरसेवकांनी, हा नियम राज्य सरकारांनी सोयीप्रमाणे अनेकदा फिरवला आहे. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातले बहुमत दुसऱ्याचे, अशी स्थिती त्यातून काही गावांत निर्माण होते आणि तिचे पडसाद प्रत्येक सभेत उमटतात.

कामकाज. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा घ्यावी लागते. तिची सूचना सात पूर्ण दिवस आधी आणि विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी सदस्यांना मिळणे आवश्यक असते. ही सूचना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘अजेंडा’, शिपाई घरोघर पोहोचवतो आणि सोबतच्या वहीत सदस्याची किंवा घरातील प्रौढ माणसाची सही घेतो. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या सहीला पुढे मोठे मोल येते, कारण सभा बेकायदेशीर ठरवून मागणारी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली की पहिला मुद्दा ‘अजेंडा वेळेत मिळाला नाही’ हाच असतो.

पहिला विषय ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. बाहेरच्या माणसाला हा उपचार वाटतो, पण सभागृहातील खरी खडाजंगी अनेकदा येथेच होते. सभेत तासभर वाद झालेला असला, तरी कार्यालयात प्रोसिडिंग लिहिताना त्याचे ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ एवढेच उरते, खाली सूचक व अनुमोदक यांची नावे येतात, आणि ज्याने विरोध केला होता त्याचा विरोध कागदावर सापडत नाही. म्हणून जाणते नगरसेवक भाषणाच्या शेवटी ‘माझा विरोध नोंदवून घ्या’ असे बजावतात आणि काही जण तो लेखी देऊन त्याची पोच घेतात. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर कोण जबाबदार आणि कोण सुटला हे त्या एका ओळीवर ठरू शकते.

विषयपत्रिकेच्या तळाशी ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ ही ओळ असते. अचानक उद्भवलेल्या कामासाठी केलेली ही सोय हळूहळू वादग्रस्त विषय शेवटी घाईने उरकण्याची वाट झाली आहे. पुढचे बाक रिकामे होऊ लागतात, चहाचे कप गोळा होतात आणि त्याच गडबडीत भूखंडाचा भाडेपट्टा किंवा एखाद्या निविदेची मुदतवाढ मंजूर होते. विरोधी सदस्यांचे सभात्याग आणि ‘विषय वाचून दाखवा’ असा आरडाओरडा मुख्यतः याच टप्प्यावर होतो. बेकायदेशीर किंवा लोकहिताला बाधक वाटणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली तहकूब करू शकतात, आणि सभागृहात हरलेला गट लगेच त्या दिशेने अर्ज करतो.

मुख्याधिकारी हा राज्य शासनाचा अधिकारी. सभेत तो नगराध्यक्षांशेजारी बसतो, त्याला मत नसते, पण नियम, निधीचे लेखाशीर्ष आणि शासन निर्णय यांचे दाखले त्याच्याजवळ असल्याने त्याच्या ‘तसे करता येणार नाही’ या वाक्याने बरेच विषय तिथल्या तिथे मावळतात. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्याने सभागृहात महिला सदस्य मोठ्या संख्येने असतात. तरी सभागृहाच्या दाराशी किंवा खुद्द आतही त्यांच्या यजमानांचा वावर असतो, आणि शासनाने परिपत्रके काढूनही तो पुरता थांबलेला नाही. ज्या गावांत महिला सदस्य दुसऱ्यांदा निवडून आल्या, तेथे मात्र टिपणे काढून प्रश्न विचारणाऱ्यांत त्याच पुढे दिसतात.

ऋतुचक्र. मे महिन्याच्या सभेत नालेसफाई, गटारींचा गाळ आणि धोकादायक इमारती हे विषय येतात. येवला, सिन्नर यांसारख्या जुन्या पेठांच्या गावांत माती-विटांचे, लाकडी सांगाड्याचे वाडे अजून उभे आहेत. त्यांच्या मालकांना आणि भाडेकरूंना दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नोटिसा निघतात. बहुतेक वाड्यांत मालक-भाडेकरू वाद न्यायालयात पडून असतो, त्यामुळे नोटीस भिंतीवर आणि माणसे आत, हे दृश्य पुन्हा दिसते. श्रावण-भाद्रपदात मंडपांची परवानगी, विसर्जन मार्गावरचे खड्डे आणि निर्माल्य यांची चर्चा होते. नवरात्रात येवल्याजवळ कोटमगावच्या देवीची यात्रा, दिवाळीपूर्वी सफाई कामगारांचे सानुग्रह अनुदान, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रक, आठवडे बाजाराच्या वसुलीचा ठेका व थकबाकीदारांची यादी. मार्चअखेरची वसुली मोहीम सुरू झाली, की नळजोडण्या तोडल्या जातात, मोठ्या थकबाकीदारांची नावे चौकातल्या फलकावर झळकतात, आणि त्या यादीत एखाद्या माजी पदाधिकाऱ्याचे नाव नसल्यास ते का नाही, यावर पुढची सभा गाजते.

येवल्याची संक्रांत हा वेगळा विषय आहे. भोगी, संक्रांत आणि कर (संक्रांतीनंतरचा दिवस) असे तीन दिवस हे गाव गच्चीवर असते. हातात आसारी (मांजा गुंडाळण्याची फिरकी), खाली हलकडी (चामड्याचे वाद्य), आणि बाजारपेठेचे व्यवहार जवळपास थंड. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातल्यापासून डिसेंबर-जानेवारीत नगरपरिषद आणि पोलिसांची पथके दुकानांवर छापे घालतात, आणि जखमी पक्षी व दुचाकीस्वार यांच्या बातम्या तरीही येतात. रंगपंचमीला येथे ट्रॅक्टरवर रंगाची पिंपे ठेवून दोन बाजू समोरासमोर येतात व रंगांचा सामना खेळला जातो. पाणीटंचाईच्या वर्षी हा सामना व्हावा की नाही, यावर सभागृहात आणि सभागृहाबाहेर मते पडतात. बहुतेक वेळा उत्तर ‘परंपरा आहे’ असेच निघते.

सर्वांत जास्त वेळ खाणारा विषय पाण्याचा. दिंडोरी तालुक्यात कादवा नदीवर पालखेड धरण आहे आणि त्याचा डावा कालवा निफाड, येवला या तालुक्यांतून जातो. येवला शहराचा साठवण तलाव या कालव्याच्या आवर्तनातून, म्हणजे ठरावीक काळाने धरणातून सोडलेल्या पाण्यातून, भरला जातो. मनमाडला वागदर्डी धरण आहे, पण त्याच्या पाणलोटात पाऊस बेताचाच पडतो, म्हणून आवर्तनाचे पाणी पाटोदा येथील साठवण तलावात घेऊन तेथून उपसावे लागते. आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार आणि त्यात पिण्याचे किती, सिंचनाचे किती, हे नगरपरिषद ठरवत नाही. ते कालवा सल्लागार समितीत ठरते, जेथे आमदार, जलसंपदा विभागाचे अधिकारी आणि पाणीवापर संस्था आपापले म्हणणे मांडतात. आवर्तन चालू असताना कालव्याच्या दोन्ही काठांवर मोटारी टाकून पाणी ओढले जाऊ नये, म्हणून वीजपुरवठा तोडला जातो, आणि त्यावरून कालव्याकाठचे कांदा व द्राक्ष उत्पादक आणि शेवटच्या टोकाची शहरे यांच्यात दरवर्षी तेढ निर्माण होते.

टंचाईच्या वर्षांत मनमाडला पंधरा-वीस दिवसांआड नळाला पाणी आल्याचा इतिहास आहे. अशा गावात घर बांधताना हौदाचा आकार आधी ठरतो आणि खोल्यांचा नंतर. सभागृहात पाण्यावर चर्चा झाली की तिचा शेवट तीनच प्रकारे होतो : वरिष्ठांकडे आवर्तनाची मागणी करणारा ठराव, टँकरच्या दराला मंजुरी, किंवा नव्या योजनेचा पाठपुरावा. मनमाडसाठी करंजवण धरणातून, सटाण्यासाठी पुनद प्रकल्पातून आणि सिन्नरसाठी कडवा धरणातून पाणी आणण्याच्या योजनांनी त्या त्या गावच्या कित्येक निवडणुका आणि शेकडो सभा व्यापल्या आहेत. पुनदच्या जलवाहिनीला कळवण तालुक्यातून तीव्र विरोध झाला, आणि एका सभागृहाचा एकमुखी ठराव शेजारच्या तालुक्यात आंदोलनाचे कारण ठरला.

विषय जितका मोठा, तितका सभेचा त्यावरील अधिकार कमी, असा हा उलटा हिशेब आहे. पाण्याचा निर्णय समितीत, रस्त्याचा निधी मंत्रालयात, विकास आराखड्याची अंतिम मंजुरी नगरविकास विभागात. तरीही सभेचा ठराव जोडल्याखेरीज यांतली फाईल सहसा हलत नाही, आणि त्यामुळेच एका ओळीच्या ठरावासाठी गटनेत्यांच्या मनधरण्या होतात. त्र्यंबकमध्ये हे ठळकपणे दिसते. पौष वद्य एकादशीची निवृत्तिनाथांची यात्रा आणि तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरी प्रदक्षिणा यांसाठी पाणी, फिरती शौचालये, तात्पुरत्या दुकानांचे परवाने व सफाई हे सारे नगरपरिषदच बघते, आणि काही हजार वस्तीच्या गावाला एका दिवसात लाखोंची सोय करावी लागते. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी मात्र राज्याने २०२५ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण नेमले, म्हणजे घाट, रस्ते आणि वाहनतळ यांचे मोठे निर्णय गावाच्या सभागृहाबाहेर गेले.

ग्रामसभेशी तुलना. ग्रामपंचायत क्षेत्रात प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा सदस्य असतो आणि उभा राहून हिशेब विचारू शकतो. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. नगरपरिषदेच्या सभेला नागरिक बसू शकतो, बोलू शकत नाही. निफाड, दिंडोरी, कळवण, देवळा, पेठ, सुरगाणा ही गावे गेल्या दशकात ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत गेली, तेव्हा निधी वाढला, करही वाढला आणि ग्रामसभा संपली. २००९ च्या ‘नगरराज’ दुरुस्तीने शहरांसाठी क्षेत्रसभांची, म्हणजे प्रभागातील मतदारांच्या सभांची, तरतूद केली होती. ती कायद्याच्या पुस्तकातच राहिली.

ग्रामसभेच्या उपस्थितीवरही हंगामाची पकड असते. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरचे मजूर भात-नागलीची कापणी आटोपली की दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. २६ जानेवारीची ग्रामसभा त्यांच्या गावी भरते तेव्हा ते बागेत असतात. ज्या गावी ते असतात, तेथे ते मतदार नसतात. रोजगार हमीच्या कामांची निवड अशा सभांत त्यांच्या गैरहजेरीत होते, हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

वार्ता आणि सूचना. पूर्वी पाणी सुटण्याची वेळ, कर भरण्याची मुदत आणि देवी रोगाच्या लसीकरणाचा दिवस दवंडीने कळे. आज ते काम घंटागाडीवरचा भोंगा आणि प्रभागनिहाय व्हॉट्सअ‍ॅप गट करतात; ‘आज पाणी येणार नाही’ हा निरोप नगरपरिषदेच्या फलकावर लागण्याआधी पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याकडून गल्लीत पोहोचलेला असतो. सभेचे वृत्त देणारा तालुक्याचा वार्ताहर बहुधा दुसरा व्यवसाय सांभाळून लिहितो आणि जाहिरातीही गोळा करतो, म्हणून नगरपरिषदेच्या जाहीर निविदा व वाढदिवसाच्या पुरवण्या यांचे भान त्याच्या लेखणीला ठेवावे लागते. असे असूनही दादासाहेब पोतनीस यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या ‘गावकरी’पासून नाशिकच्या दैनिकांनी तालुक्याच्या बातमीला सातत्याने जागा दिली. निफाडचा पारा किती घसरला, लासलगावी कांद्याला काय भाव निघाला, धरणात किती टक्के साठा उरला या हंगामी बातम्यांच्या शेजारीच सभेची बातमी छापली जाते, आणि वाचकाच्या दृष्टीने ती त्याच मालिकेतली असते.

२०२१ च्या अखेरीस व त्यानंतर राज्यातील अनेक नगरपरिषदांची मुदत संपली आणि इतर मागासवर्ग आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे निवडणुका लांबत गेल्या. डिसेंबर २०२५ मधील निवडणुकांपर्यंत तेथे प्रशासक होते. सभागृहाचे अधिकार एका अधिकाऱ्याच्या हाती असल्याने या काळातले ठराव एका सहीने झाले. सूचक नाही, अनुमोदक नाही आणि विरोध नोंदवायलाही कोणी नाही. नव्या सभागृहांपुढे उपनगराध्यक्षांची निवड, स्वीकृत सदस्य आणि विषय समित्या यांच्याबरोबरच त्या काळातल्या खर्चाची माहिती मागण्याचे कामही आले आहे.